जीपच्या छतावर दिव्यांची पट्टी

प्रश्न : घरी बनवलेली एलईडी पट्टी जीपच्या छतावर बसवून हेडलाइटच्याच वायरला जोडली तर चालेल का? एलईडीला वीज कमी लागते ना?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : एलईडी काटकसरी असली, तरी 120 वॅटची पट्टी 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 10 अँपिअर प्रवाह ओढते आणि हा जादा भार हेडलाइटच्या वायरला पेलण्याजोगा नसल्याने ती तापून पेटू शकते, म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, तिच्या आरंभीच 15 अँपिअरचा फ्यूज आणि रिले, म्हणजे अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आवश्यक ठरतो. ही जोडणी घरीही नीट जमते. पट्टी किंचित मागे बसवल्यास बॉनेटवरील चकाकी टळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 111 पूर्वपरवानगीवाचून पुढे झोतदिवा लावू देत नाही. त्यामुळे आपण पट्टी काढती ठेवावी आणि सार्वजनिक रस्त्यावर येण्याआधी ती उतरवावी.