उशीच्या अभ्र्यावरचा डाग

घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये, म्हणून घेत नाही. पण सासरच्या मामीजींनी गावभर माझं नाव घेतलं, ‘सुनेनं आपल्याच हातानं आंग जाळून घेतलं’ म्हणून. तेव्हा माझी बाजूही कुठेतरी मांडायला हवी.

माझ्या दोन्ही दंडांवर शाळेत असल्यापासून दाणे आहेत. खाजत नाहीत, दुखत नाहीत, नुसता हात फिरवला की किसणी लागते. आईला होते, मावशीला अजून आहेत. पूर्ण बाहीच्या ब्लाउजात कधी कोणाला दिसले नाहीत. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गाइड झाले, अर्ध्या बाहीचा शर्ट अंगात आला, आणि दिसायला लागले. एका फेरीत सांबराचा कॉल आला म्हणून हात वर करून मी सगळ्यांना गप्प केलं. त्या शांततेत मागच्या सीटवरच्या बाई मुलीला म्हणाल्या, “रिसॉर्टवर गेल्यावर आधी हात धू.” मुलीनं नुकतीच माझ्या हातातून दुर्बीण घेतली होती.

हे मी घरी बोलले, तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी मामीजी बाटली घेऊन दारात. “टोरीचं तेल हाय, वरून जंगलातली जडी टाकली. आधी वजरीनं घास, मंग लावजो.” कोणती जडी, असं मी विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता त्या म्हणतात की सुनेनं काही विचारलंच नाही. तेव्हाचं त्यांचं उत्तर होतं, “सांगितली का गुण जाते, पोरी.”

मंगळवारी गेट बंद असतं. सुट्टीच्या आदल्या रात्री लावलं. दंड वजरीनं लालभडक होईपर्यंत घासले, तेल चोळलं, झोपले. मंगळवार ठीक गेला. रात्री पुन्हा लावलं. बुधवारी पहाटेच्या फेरीत तेलिया तलावाच्या वाटेवर खाज सुटली ती थांबेना. परत येईपर्यंत दंडावर पाण्याचे फोड, मानेवर चट्टे, डोळे सुजून बारीक झालेले. तरीही मी काय म्हणाले असेन? मे महिना आहे, उन्हानं झालं असेल!

संध्याकाळी खोलीत पडल्यापडल्या उशीवर नजर गेली. अभ्र्यावर काळपट डाग. उठून साबण लावला, सोडा लावला, लिंबू चोळलं. डाग फिका होण्याऐवजी आणखी काळा झाला. आणि एकदम बाबांचं धोतर आठवलं. त्याच्या कोपऱ्यात धोब्याची खूण असायची, धोतर फाटलं तरी न जाणारी. ती खूण कशानं करतात हे आमच्या भागातल्या पोराटोरांना माहीत आहे. मी मोरीच्या कठड्यावर बसले. बिबा. बाटलीत बिबा होता.

माझ्यासारखी मूर्ख मीच. रोज पर्यटकांना झाडं दाखवते. बिब्याच्या झाडाजवळ गाडी थांबवून सांगते की हा आंब्याचा आणि काजूचा भाऊबंद, वरचं पिवळं-केशरी बोंड खातात, आतली गोडंबी लाडवात घालतात, पण मधल्या काळ्या तेलाला हात लावायचा नाही. आयुर्वेदातसुद्धा तो विटेच्या चुऱ्यात शोधून घेतल्याशिवाय वापरत नाहीत. आणि तेच तेल मी घासून सोललेल्या कातडीवर दोन रात्री जिरवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, “बिबा उतला का?” गोळ्या, मलम, काही दिवस ऊन बंद. म्हणजे गेट बंद. म्हणजे ऐन हंगामात माझ्या पाळ्या दुसऱ्यांना. १ जुलैपासून तर कोअरमधल्या सफारी पावसाळ्यासाठी बंदच होतात. तो भरलेला महिना भरून कोण देणार?

मामीजी भेटायला आल्या. हातात दोन केळी. “म्या तुले पायाच्या भेगेले सांगितलं होतं, दंडाले नाई.” नवऱ्यासमोर, तोंडावर! मग म्हणाल्या, माझं अंगच उष्ण आहे. जाता जाता बाटली परत मागितली. मी दिली नाही, आणि तुम्हीही देऊ नका. काय लावलं होतं हे दाखवायला बाटली दवाखान्यात न्यावी लागते.

बिब्याचं तेल अंगाला लागलंच तर लगेच भरपूर पाणी आणि साबण. नखांखालीसुद्धा धुवा, डोळ्यांना हात नको. कपडे, उशी, टॉवेल सगळं वेगळं काढा. परिणाम बहुधा लगेच दिसत नाही, दिवस-दोन दिवसांनी उमटतो. मंगळवार ठीक गेल्यानं मी फसले ती अशी. कैरीच्या चिकानं ज्यांचं तोंड उततं त्यांनी तर जास्तच जपावं. कोणतंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून तीन दिवस थांबा. आणि आत काय आहे ते जो सांगत नाही, त्याची बाटली घेऊ नका, मग तो सख्खा नातेवाईक असो. नातेवाईक असेल तर दोनदा घेऊ नका.

आता दाण्यांचं. डॉक्टर म्हणाले, हे केराटोसिस पिलारिस, घराण्यातून येतं. केसाच्या छिद्रात मेलेल्या कातडीचं बूच बसतं, तोच दाणा. घासून तो जात नाही, उलट चिडतो. लिंबू लावून आमच्या उन्हात फिराल तर काळे डाग पडतील. खाण्याचा सोडाही नको. कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ करा, अंग टिपा आणि ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. मी साधं खोबरेल लावते, घाणीवरचं. त्यानं दाणे जात नाहीत, खरखर कमी होते, बस. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं क्रीम जास्त काम करतं, पण आठवडे लागतात आणि बंद केलं की दाणे परत येतात. मेडिकलवाल्यानं न विचारता दिलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं मात्र नकोत.

लहान मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर असे काटेरी दाणे आले तर प्रकरण वेगळं असू शकतं. सिलोनमधल्या निकोल्स नावाच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्याला फ्रायनोडर्मा, म्हणजे भेकाची कातडी, असं नाव दिलं. ते पोटातल्या कमतरतेचं दुखणं, वरून तेल चोळून काय होणार? जवसाची चटणी, पालेभाजी, अंडं पोटात जाऊ द्या. अंगणवाडीतले अ जीवनसत्त्वाचे डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत चुकवू नका.

आणि एखादा चट्टा फिका असेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर घरी काहीही लावत बसू नका. ज्या जिल्ह्यात कुष्ठरोग्यांसाठीचं वरोऱ्याचं आनंदवन आहे तिथल्या लोकांना हे मी काय सांगावं? पण लपवणारे अजून लपवतात. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात.

माझे फोड गेले, काळे डाग राहिले, आणि त्या डागांतून दाणे पुन्हा वर आले. परवा एका लग्नात मामीजींनी माझा दंड धरून चार बायकांना दाखवला, “पाहा, किती फरक पडला माह्या तेलानं.”

तो अभ्रा मी टाकलेला नाही. त्यांच्याकडे तेल मागायला निघालेलं कोणी आमच्या घरावरून जाताना दिसलं, की दोरीवर वाळत घालते.