‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामधली जागा : एका मालिकेवरील प्रेक्षकांचे तर्क आणि मराठी संवादलेखन

१० सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ ही दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि तिच्या प्रेक्षकांत लवकरच दोन पक्ष पडले. मालिका एफबीआय या तपासयंत्रणेतील दोन अधिकाऱ्यांची. फॉक्स मल्डर हा परग्रहवासी, भुतेखेते अशा वाटेने जाणारी, उलगडा न झालेली प्रकरणे उकरत तळघरातल्या कचेरीत बसणारा. डेना स्कली ही डॉक्टर, विज्ञाननिष्ठ, आणि वरिष्ठांनी त्याच्या कामावर अहवाल लिहिण्यासाठी मुद्दाम धाडलेली. या दोघांचे नाते प्रेमाचे आहे किंवा होणार आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. तसे ते नाही आणि होऊही नये, हे दुसऱ्याचे. पहिल्यांनी ‘रिलेशनशिप’ या शब्दाचे शेपूट धरून स्वतःला ‘शिपर’ म्हणवून घेतले. दुसऱ्यांचे नाव ‘नोरोमो’, म्हणजे ‘नो रोमान्स’चा संक्षेप. पहिला शब्द पुढे इतर मालिका आणि कादंबऱ्यांच्या चाहत्यांनीही उचलला. आज आपल्याकडची महाविद्यालयीन मुलेही ‘मी या दोघांना शिप करते’ असे सहज म्हणून जातात. तो शब्द या भांडणातून आला, हे त्यांच्या गावीही नसते.

या वादात कोण जिंकले, यापेक्षा पुरावा म्हणून काय पुढे केले गेले, यात मला अधिक रस आहे. संवादलेखन शिकवताना मी ही मालिका वापरतो ती त्यासाठी. दोघांच्या मनात काय आहे ते लेखक उघड सांगत नव्हते. मालिकेचा कर्ता क्रिस कार्टर याने तर आपल्याला या दोघांचे प्रेम दाखवायचे नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. मग प्रेक्षकाच्या हाती उरले ते उद्गार, विराम, हात ठेवण्याची रीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाक.

हाकेचेच पाहू. दोघे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. पहिल्या वर्षीच्या ‘बियाँड द सी’ या भागात स्कलीचे वडील वारतात आणि मल्डर तिला ‘डेना’ म्हणतो. आडनावाची सवय मोडल्यामुळे ते एक नाव दोन ओळींच्या सांत्वनापेक्षा जास्त बोलते. त्यानंतर काही महिन्यांनी आलेल्या ‘टूम्स’ या भागात याचा उलटा प्रसंग आहे. रात्री मोटारीत पाळतीवर बसलेल्या मल्डरसाठी ती खाण्याची पिशवी घेऊन येते आणि त्याला ‘फॉक्स’ म्हणून पाहते. तो हसतो, आपण आईवडिलांनाही ‘मल्डर’च म्हणायला लावले आहे, असे सांगतो. ती लगेच ‘मल्डर’वर येते, आणि तुझ्याखेरीज कोणासाठी मी माझी नोकरी पणाला लावणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलते. गंमत अशी, की पुढे मालिकेत त्याची आई त्याला ‘फॉक्स’ म्हणतानाच दिसते. लेखकांचा विसर म्हणून हे सोडून देता येईल. पण शिपरांनी ते सोडले नाही: आई जे म्हणू शकते ते स्कलीला म्हणू द्यायचे नाही, म्हणजेच तिच्यासाठी एक वेगळी हाक राखून ठेवायची, असे त्यांनी वाचले. मला हे वाचन पटते, कारण पुढचा मजकूर त्याला दुजोरा देतो. २००८ च्या चित्रपटात दोघे एकत्र राहतात, तरीही ती त्याला ‘मल्डर’च म्हणते. कचेरीतली हाक घरात आली आणि तीच जवळिकीची झाली. नवऱ्याचे नाव उखाण्यापुरते राखून ठेवणाऱ्या आपल्या समाजाला, जवळच्या माणसाला नावाने न हाकारण्याची ही रीत समजावून सांगावी लागू नये.

आता हाच मोटारीतला प्रसंग मराठीत लिहायला घ्या. पहिल्याच वाक्याला अडायला होते. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये सात वर्षे लपून राहता येते. मराठीत ‘आलास’ की ‘आलात’ हे ठरवल्याशिवाय क्रियापद हलत नाही. दोघांना ‘तुम्ही’वर ठेवले तर मध्यरात्रीची ती सलगी उरत नाही. ‘तू’ दिले तर प्रेक्षक विचारणार, हे कधीपासून? तिने ‘तुम्ही’ आणि त्याने ‘तू’ म्हटले तर जुन्या घरातले नवराबायकोच होतात, आणि तिच्या तोंडी नुसते ‘अहो’ घातले की वाद तिथेच मिटला! इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या वाचकांना इथे हिंदीतला ‘तुम’ आठवेल. बरोबरीच्या सहकाऱ्यांसाठी तो सोयीचा मधला पाट आहे. मराठी ‘तुम्ही’ दिसायला त्याचा भाऊ, पण बसतो ‘आप’च्या जवळ. त्या भागांत लिहिणाऱ्यांनी ‘तुम’च्या जागी डोळे मिटून ‘तुम्ही’ ठेवले, की पात्रे एकदम दोन हात लांब होतात.

आडनावाचीही तीच अडचण. मराठी कचेरीत पुरुष एकमेकांना ‘काय रे जोशी’ म्हणतील. बाईला नुसते ‘जोशी’ कोणी म्हणत नाही, ती ‘जोशीबाई’ किंवा ‘जोशी मॅडम’ असते. स्कलीला नुसते ‘स्कली’ म्हणण्यात तिला बरोबरीच्या सहकाऱ्याची वागणूक मिळते, ती ‘स्कली मॅडम’मध्ये निसटते.

आणि नात्याला शब्द कोणता द्यायचा? इंग्रजीत ते ‘पार्टनर’. ‘जोडीदार’ लिहिले की लग्न लागले. ‘भागीदार’ म्हटले की दुकान आले. ‘साथीदार’ वर्तमानपत्रांनी चोरांना देऊन टाकला आहे. ‘सहकारी’ बरोबर आहे, पण तो शब्द नियुक्तिपत्रासारखा कोरडा. विद्यार्थी शेवटी ‘पार्टनर’च ठेवतात आणि मी त्यांना अडवत नाही.

अडचणीचा मार्गही मराठीतच आहे, आणि तो आपण रोज वापरतो. कचेरीत नवी ओळख थोडी जुनी झाली, ‘तुम्ही’ जड वाटू लागले पण ‘तू’ म्हणायचे धैर्य नाही, अशा दिवसांत माणूस काय बोलतो ते ऐका. ‘जेवण झालं का?’ ‘निघायचं का?’ ‘चहा घेणार?’ ‘काल उशीर झाला वाटतं घरी जायला.’ एकाही वाक्यात कर्ता नाही, आणि क्रियापदाला समोरच्या माणसाचा पत्ता नाही. व्याकरणाच्या तासाला आपण भावे आणि कर्मणी प्रयोगांची उदाहरणे मुलांकडून पाठ करून घेतो, पण माणसे ‘तुम्ही’कडून ‘तू’कडे जाताना असल्याच कर्ता गाळलेल्या वाक्यांच्या पुलावर रेंगाळतात, हे सांगत नाही. दोन पात्रे तीन पाने अशी बोलत राहिली आणि चौथ्या पानावर एकाच्या तोंडून ‘दमलीस?’ निसटले, तर मराठी प्रेक्षकाला मधमाशीची गरज पडणार नाही. (मधमाशीचा उल्लेख १९९८ च्या चित्रपटातला. दोघांचे ओठ भेटणार इतक्यात स्कलीला मधमाशी डसते. शिपरांनी त्या माशीला बरीच वर्षे क्षमा केली नाही.)

न सांगितलेले वाचण्याचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात एक गाथा आहे. घरातली स्त्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे झोपते, आपण कुठे झोपतो ते दिवसाउजेडी दाखवून ठेवते आणि रात्री आमच्या अंथरुणावर अडखळू नकोस म्हणून बजावते. शब्द मनाईचे, सूचना आमंत्रणाची. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त व्यंजना समजावताना ही गाथा घेतली आहे. मात्र सूचना दिसली असे कोणीही म्हणू लागेल, म्हणून नंतरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ती कशाच्या आधाराने ओळखायची ते नोंदवले: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेल कसा, प्रसंग कोणता, जागा आणि वेळ कोणती. शिपरांचे तर्क मी मुलांकडून या कसोटीवर घासून घेतो. ‘तो तिच्याकडे बघतो’ हा तर्क गळतो. सहकारी सहकाऱ्याकडे बघणारच. ‘वडील वारलेल्या दिवशी त्याची हाक बदलते’ हा टिकतो, कारण तिथे पात्राची नेहमीची सवय मोडली आहे आणि मोडण्याला प्रसंग आहे.

सर्वांत अवघड परीक्षा ९ एप्रिल २००० रोजी दाखवलेल्या ‘ऑल थिंग्ज’ या भागाची. तो लिहिला आणि दिग्दर्शित केला स्कलीची भूमिका करणाऱ्या जिलियन अँडरसन यांनी. आरंभी स्कली आरशासमोर कपडे चढवते आहे आणि मागे पलंगावर मल्डर झोपलेला. संवाद नाही. मग कथा मागे जाते, आणि शेवटी ती त्याच्या कोचावर बोलता बोलता झोपते, तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो. या दोन दृश्यांच्या मध्ये काय घडले ते भागात नाही. शिपरांना पलंग पुरला, नोरोमोंना पांघरूण. माझे मत शिपरांच्या बाजूचे आहे. पांघरूण अखेरीला आहे, पण घटनाक्रमात ते आधीचे. आणि आरसा, अर्धवट अंधार, सावकाश घातलेली बटणे हे पाहुणी म्हणून झोपलेल्या बाईचे चित्रण नव्हे.

प्रेम उघड दाखवले की मालिका मरते, असा एक तर्क नोरोमोंच्या मदतीला नेहमी येई. त्यासाठी ‘मूनलाइटिंग’चा दाखला देत. गुप्तहेर कचेरीतल्या मॅडी आणि डेव्हिड यांची ही मालिका १९८५ ते १९८९ चालली. १९८७ मध्ये दोघे एकत्र आले आणि पुढे ती उतरणीला लागली. पण त्याच सुमारास भाग वेळेवर तयार होत नव्हते, नायिकेची भूमिका करणाऱ्या सिबिल शेफर्ड गरोदर होत्या, ब्रूस विलिस चित्रपटांकडे वळत होते आणि १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. कारणमीमांसा शिकवणाऱ्यांनी काकतालीय न्यायाचे उदाहरण म्हणून हे अवश्य वापरावे.

तरीही नोरोमोंचे एक म्हणणे मला आजही वजनाचे वाटते. एक पुरुष आणि एक स्त्री वर्षानुवर्षे शेजारी काम करतात, एकमेकांच्या बुद्धीवर विसंबतात, जीव धोक्यात घालतात, आणि या सगळ्याला प्रेमाचे लेबल लावले तरच आम्हांला ते खरे वाटते, हे त्यांना खटकत होते. आपल्याकडे तर अशा दोघांना पुढच्याच महिन्यात ‘बहीण मानतो’ म्हणून जाहीर करावे लागते, नाहीतर कचेरी बोलू लागते. अशा नात्याचे संवाद लिहिणे मराठीत प्रेमसंवादांपेक्षा कठीण आहे. माझ्या वर्गात ‘टूम्स’मधला प्रसंग दोनदा लिहायचा असतो: एकदा शिपरांसाठी, एकदा नोरोमोंसाठी, आणि दोन्ही वेळा ‘प्रेम’ या अर्थाचा विनोद मूळाप्रमाणे राखून. मल्डर म्हणतो, पिशवीत थंडगार चहा असेल तर हे प्रेमच. स्कली म्हणते, नशीब, पण बाटली दुसऱ्याच पेयाची आहे. नोरोमोंची आवृत्ती लिहिताना मुले पहिल्यांदा तो विनोदच गाळतात. मग एखादी मुलगी स्कलीच्या तोंडी घालते, ‘नशीबच म्हणायचं. सोडा निघाला.’ आता हे म्हणायचं कोणी, त्याने, तिने की दोघांनी मिळून, ते त्या क्रियापदात कुठेच नाही. या ओळीवर वर्गात वाद सुरू होतो, आणि तास संपला तरी मुले उठत नाहीत.