बंदी घातली, पण मोजलं का?

'राष्ट्रीय उद्यान' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? एक लोखंडी फाटक, खाकी वर्दीतला वनरक्षक आणि 'प्रवेश बंद' अशी पाटी. माणसं आणि गुरं एकदा बाहेर काढली की आतलं सगळं आपोआप सुधारतं, असं आपण मनात धरून चालतो. पण कंट्रोल सिस्टिम्सचा पहिला धडा आठवा. आउटपुटकडे न बघता नुसता इनपुट देत राहिलो, तर ती ओपन लूप सिस्टिम. संरक्षित डोंगराळ भागांत नेमका हाच प्रश्न आहे. बंदी हा इनपुट झाला. त्याने काय घडलं हे कोणी मोजतं का? या लेखात तेवढाच मुद्दा बघू.

एकच कायदा, दोन जागा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यातलं कलम ३५ सांगतं की राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला परवानगी नाही. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवायचं की ती पूर्ण बंद करायची, हे ठरवायला थोडी मोकळीक असते. राष्ट्रीय उद्यानात ती नाही. १९८२ साली देशात दोन ठिकाणी हे कलम लागू झालं आणि दोन्हीकडे वाद पेटला.

पहिलं ठिकाण डोंगरातलं नाही, पण मुद्दा समजायला सोपं आहे: राजस्थानातलं भरतपूर, पक्ष्यांचं पाणथळ. तिथे म्हशी चारायला बंदी झाली, गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला अभ्यास मात्र बंदीच्या आधीच, १९८० च्या सुमाराला सुरू झालेला होता. म्हणजे 'आधीचं रीडिंग' हातात होतं. दहा वर्षांनी निष्कर्ष निघाला तो सगळ्यांना चकित करणारा होता. म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचाच तोटा झाला. म्हशी त्या पाणथळाचा एक भाग होत्या. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा दिली गेली, म्हणजे म्हशींचं काम विळ्याने करायचं.

दुसरं ठिकाण उत्तराखंडातलं, गढवाल हिमालयातली फुलांची दरी. फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतताना या दरीत उतरला. १९३७ मध्ये तो फुलांसाठी पुन्हा आला आणि १९३८ मध्ये त्याने दरीवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून ती जगाच्या नकाशावर आली. क्षेत्रफळ साधारण ८७.५ चौरस किलोमीटर. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि मेंढपाळांचा उन्हाळी मुक्काम बंद झाला.

काही वर्षांनी दरीत पॉलीगोनम नावाची वनस्पती दाट माजलेली दिसू लागली. ती उंच वाढते, पानं मोठी, खाली सावली धरते; मग लहान फुलझाडांना ऊन मिळत नाही. काही अभ्यासकांनी म्हटलं, बघा, मेंढ्या तिला खायच्या, तुडवायच्या. मेंढ्या गेल्या म्हणून ती माजली. चराई परत सुरू करा. भरतपूर माहीत असलेल्या कोणालाही हे पटकन पटेल.

पण उदाहरण सारखं दिसलं म्हणून उत्तर सारखं असतंच असं नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दरीत ठिकठिकाणी चौरस आखून झाडं मोजली. दरीत वनस्पतींच्या ५२१ जाती त्यांनी नोंदवल्या. आधीच्या काळातल्या याद्या होत्या, पण यादीतून एखादी वनस्पती 'आहे' एवढंच कळतं, 'किती आहे' ते कळत नाही. मग तुलना कशाशी करायची? त्यांनी शेजारची खिरों दरी घेतली. तिथे चराई चालूच होती. आपल्या लॅबच्या भाषेत, खिरों हा कंट्रोल झाला. चराईबंदीमुळे फुलांच्या जाती घटल्या, असं त्यांना दिसलं नाही. पॉलीगोनम मुख्यतः माती हललेल्या जागी वाढतं: हिमस्खलनाचे पट्टे, दरडी, आणि मेंढ्यांचे कळप पूर्वी जिथे बसत त्या जागा. म्हणजे उपाय मेंढ्या परत आणणं हा नसून, जिथे हे झाड माजलंय तिथे ते उपटणं हा आहे. वन विभागाने तशी उपटणी हाती घेतली.

बघा, कायदा एक, साल एक, वादही जवळपास एकच. उत्तरं मात्र उलटी. मोजल्याशिवाय दोन्हीकडे आपण चुकलो असतो.

फुलं मोजायची कशी?

इथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची गाठ एका जुन्या ओळखीच्या माणसाशी पडते. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजायला जो एन्ट्रॉपीचा फॉर्म्युला दिला, तोच जैवविविधता मोजायला वापरतात. प्रत्येक जातीचं प्रमाण घ्यायचं, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह बदलायचं. झालं.

समजा, एक मीटर बाय एक मीटरचे दोन चौरस आहेत. दोन्हींत १०० रोपं, दोन्हींत ४ जाती. पहिल्यात प्रत्येक जातीची २५ रोपं. दुसऱ्यात एका जातीची ८५ आणि बाकी तिघींची ५-५. यादी करणारा म्हणेल, दोन्हीकडे ४ जाती, म्हणजे सारखंच. शॅननचा निर्देशांक काढा: पहिल्याचा येतो १.३९, दुसऱ्याचा ०.५९. म्हणजे दुसऱ्या चौरसात एक जात बाकीच्यांना दाबतेय. जाती अजून नाहीशा झाल्या नाहीत, पण धोक्याची सूचना मिळाली. यादीत हा धोका जात गेल्यावरच दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

डोंगरात अजून एक अडचण. साधारण दर हजार मीटर चढाला तापमान ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे ३०० मीटर वर गेलात की जवळपास २ अंश थंड. उतार उत्तरेकडे की दक्षिणेकडे, बर्फ कधी वितळतं, माती किती खोल, यावर प्रत्येक पट्ट्यातलं जग वेगळं. म्हणून एका जागी चौरस आखून भागत नाही. खालपासून वरपर्यंत ठराविक अंतरावर आखावे लागतात, खुणा पक्क्या करून ठेवाव्या लागतात आणि दरवर्षी त्याच सुमाराला तिथेच परत जावं लागतं.

नंदादेवी: थांबून परत बघणं

फुलांच्या दरीजवळच नंदादेवी आहे, ७८१६ मीटर. शिखराभोवती उंच डोंगरांचं कडं. आत शिरायला ऋषिगंगेची घळ हीच वाट. शिप्टन आणि टिलमन १९३४ मध्ये त्या घळीतून पहिल्यांदा आत पोचले, १९३६ मध्ये शिखर सर झालं. १९७४ नंतर मोहिमांची रीघ लागली. सरपणासाठी झुडपं तुटली, कस्तुरीमृगाची शिकार झाली, कॅम्पच्या जागी कचऱ्याचे ढीग साचले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८३ पासून आतला भाग पूर्ण बंद.

इथली चांगली गोष्ट अशी की बंद करून विसरून गेले नाहीत. १९९३ मध्ये सैन्याचे इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ मिळून आत गेले, पाहणी केली, जुना कचरा उतरवला. २००३ मध्ये पुन्हा पाहणी झाली. झाडोरा सावरत असल्याच्या खुणा मिळाल्या. त्यानंतर बाहेरच्या पट्ट्यात मोजक्या ट्रेकर्सना वाट उघडली. यालाच फीडबॅक म्हणायचं.

पण या लूपमधून एक जण बराच काळ बाहेर राहिला. तो म्हणजे लाता, रेणी, तोलमा इथला गावकरी. रेणी म्हणजे तेच गाव, जिथे मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावच्या बायकांनी झाडांना मिठी मारून ठेकेदाराची माणसं परत पाठवली. ज्यांनी जंगल राखलं, त्यांचंच कुरण आणि मोहिमांतली हमाली, गाइडची कामं आठ वर्षांनी बंद झाली. २००१ मध्ये लात्यातल्या गावकऱ्यांनी पर्यटन कसं असावं याचा स्वतःचा जाहीरनामा काढला. ट्रेकची वाट उघडली त्यामागे हीसुद्धा धडपड होती. माणसाच्या पोटावर झालेला परिणाम हाही आउटपुटच आहे. तो रीडिंगमध्ये घेतला नाही तर हिशेब अर्धवट राहतो.

आणि एक रीडिंग आपण इंजिनिअरांनी विसरू नये. ७ फेब्रुवारी २०२१ ला जवळच्या रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर दगड आणि बर्फ कोसळला. रेणीजवळचा १३.२ मेगावॉटचा ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात माणसं अडकली. २०० हून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. उद्यानाची हद्द नकाशावर असते; डोंगर ती पाळत नाही. वरच्या उताराचं मोजमाप हा खालच्या प्रकल्पाच्या डिझाइनचाच भाग आहे.

आपल्या सह्याद्रीत

सप्टेंबरात गाडी भरून कासला जाणारे आपण सगळेच. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातली चार ठिकाणं २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आली. कासवर कुंपण घातलं गेलं तेव्हा तोच जुना प्रश्न आला: गुरं थांबल्यावर फुलं वाढतात की गवत? भरतपूरचं उत्तर उचलून इथे लावता येणार नाही, फुलांच्या दरीचंही नाही. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम इंचभर, पाऊस धो-धो, आणि टोपली कारवीसारखी झाडं सात वर्षांनी एकदा फुलणारी. एका हंगामाचं रीडिंग घेऊन निकाल देणं म्हणजे एका सेमिस्टरवर डिग्री देण्यासारखं.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधन करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची रीतसर परवानगी लागते. तिथे उगाच खुंट्या ठोकायला जाऊ नका. पण वसतिगृहाजवळ एखादी साधी टेकडी असेलच. वर्कशॉपमधले पीव्हीसी पाइपचे चार तुकडे जोडले की मीटरभराचा चौरस तयार होतो. जागा पक्की करा, पावसाळ्यात दर महिन्याला रोपं मोजा, फोटो त्याच कोनातून काढा. आणि पास आउट होताना वही पुढच्या बॅचच्या हातात द्या. चार वर्षांत आपण निघून जातो, टेकडी तिथेच राहते. मोजणी खंडली नाही, तर दहा वर्षांनी त्या टेकडीबद्दल कोणी काही निर्णय घ्यायला आलं, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला निदान आकडे तरी असतील.