मोटारसायकलचे वंगण

पूर्वी बैलगाडी लांबच्या प्रवासाला निघाली, म्हणजे तिच्याखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, आसाला वंगण घाली आणि मगच पुढे जाई. चाक स्वतःच तक्रार करी. त्यामुळे वंगणाचा विसर पडत नसे. मोटारसायकलची गोष्ट निराळी आहे. तिच्या इंजिनातील तेल कमी झाले, तरी ती बराच काळ मुकाट्याने धावत राहते. पुष्कळशा लहान मोटारसायकलींना तेलाची सूचना देणारा दिवाही नसतो. तेव्हा तेल आहे की नाही, हे आपणच पाहावे लागते.

हे तेल करते तरी काय? आपल्या रस्त्यांवर नेहमी दिसणारी १०० सी. सी.ची मोटारसायकल घ्या. १९८५ साली भारतात आलेली ‘हिरो होंडा सीडी १००’ ही याच जातीची. तिच्या इंजिनातील दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सुमारे ५ सेंटिमीटर अंतरात खालीवर होत असतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे करीत असेल, तर दट्ट्या दर सेकंदाला शंभर वेळा खाली जातो आणि शंभर वेळा वर येतो. मुलांनो, हिशेब करून पाहा. एका सेकंदात तो जवळजवळ १० मीटर अंतर काटतो! शर्यतीतील जगातला उत्तम धावपटू साधारण याच वेगाने धावतो. परंतु त्याची धाव दहा सेकंदांत संपते. दट्ट्याला मात्र दर सेकंदाला दोनशे वेळा थांबून उलट फिरावे लागते, आणि हे काम तासन्‌तास चालते.

धातूवर धातू असा घासू लागला, तर दोन्ही तापतील व झिजतील. तेलाचा अतिशय पातळ थर त्या दोहोंच्या मध्ये उभा असतो. शिवाय तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा बारीक कीस आपल्या पोटात घेते. एवढे सारे काम करणारे तेल या गाडीत किती असते? सुमारे एक लिटर, त्याहून अधिक नाही. ते फार कमी झाले, म्हणजे दट्ट्या तापून फुगतो आणि आपल्या जागी घट्ट अडकून बसतो. मग धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी थांबू शकते. पहाटेच्या अंधारात दुधाच्या किटल्या लावून निघालेल्या माणसावर असा प्रसंग आला, तर तो नुसता दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही.

आता तेल कसे पाहावे ते सांगतो; घरातील मोठे माणूस जवळ असतानाच पाहावे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. तिरप्या गाडीत तेल एका बाजूस जमते आणि मोजणी खोटी ठरते. इंजिन मोकळ्या हवेत तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. बंद खोलीत कधीही चालवू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. दोन-तीन मिनिटे थांबले, की वर गेलेले तेल खाली उतरते. मग तेलाचे बूच फिरवून काढावे. त्याला एक कांडी जोडलेली असते. ती स्वच्छ फडक्याने पुसून पुन्हा आत सोडावी व बाहेर काढून पाहावी. कांडीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या दरम्यान हवे. बऱ्याच गाड्यांत पाहताना बूच न आवळता नुसते टेकवायचे असते. आपल्या गाडीची रीत तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांना कांडीऐवजी काचेची लहान खिडकी असते. तापलेल्या सायलेन्सरला मात्र हात लागू देऊ नये.

तेल काळे दिसले म्हणजे बिघडलेच, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. पण ते दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले असण्याचा संभव असतो. अशी गाडी मेस्त्रीकडे न्यावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही चांगले नाही. फिरणारे भाग त्याला घुसळतात, त्यात फेस होतो आणि फेसाळ तेल नीट वंगण देत नाही. तेल मोटारसायकलसाठी बनविलेलेच घालावे. या गाडीतील क्लच त्याच तेलात भिजत असतो, आणि मोटारींच्या काही तेलांनी तो घसरू लागतो.

तेल पाहिले, तसे साखळीकडेही पाहावे. बहुतेक लहान गाड्यांत ती मधोमध बोटाने दाबली असता २ ते ३ सेंटिमीटर हलते. ही तपासणी इंजिन बंद असतानाच करावी. फिरत्या साखळीत बोट क्षणात सापडते. चाकांतील हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असताना मोजावी.

ठरलेल्या अंतरानंतर जुने तेल काढून नवे घालतात. काढलेले तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. ते पाण्यावर पसरते आणि मातीतही मुरते. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे. कारखान्यात शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते.