विजेची मोटार : नवी भाड्यानें कीं जुनी खरेदीनें ?

विजेच्या मोटारी आतां तालुक्याच्या गांवींहि नवलाईच्या राहिल्या नाहींत. पेट्रोलच्या खर्चास कंटाळून पुष्कळ बागाईतदार त्यांची चौकशी करूं लागले आहेत. त्यांच्यापुढें प्रश्न येतो तो असा कीं, नवी मोटार ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यानें वापरावी, कीं दोन-तीन वर्षें चाललेली जुनी मोटार रोख पैसे मोजून घ्यावी ? गतवर्षीं मी सेवानिवृत्त झालों तेव्हां याच पेंचांत होतों, व एकदां ठकतां ठकतां वांचलों. तेव्हां जें समजलें तें सभासद बंधूंच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडीत आहें.

शेतकऱ्यास हा प्रश्न मुळांत परका नाहीं. जमीन खंडानें करावी कीं खरेदी करावी, हा विचार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. मात्र एक मोठा भेद ध्यानांत धरावा. जमिनीची किंमत सालोसाल चढते, मोटारीची उतरते. आणि विजेच्या मोटारीची पहिल्या कांहीं वर्षांत पेट्रोलच्या मोटारीहून अधिक वेगानें उतरते. कारण, बॅटरी हा तिचा सर्वांत महागडा भाग, व ती कशी वापरली गेली हें बाहेरून दिसत नाहीं. शिवाय दरसाल अधिक लांब पल्ल्याच्या मोटारी बाजारांत येत असल्यानें जुन्या मागें पडतात. ही घट कोणीं सोसावयाची, एवढाच खरा प्रश्न आहे. भाडेपट्ट्यांत ती कंपनी सोसते असें वरवर दिसतें. परंतु तिनें ती मासिक भाड्यांत आधींच धरलेली असते. जुनी मोटार घेतांना ती बव्हंशीं पहिल्या मालकानें सोसून टाकलेली असते.

माझा एक भाचा अमेरिकेंत असतो. त्यानें मला आग्रहानें कळविलें कीं, “मामा, भाडेपट्टाच करा, तिकडे सारे तसेंच करितात.” चौकशीअंतीं समजलें कीं तेथें त्याला कारण होतें. नव्या विजेच्या मोटारीवर तेथील सरकार ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत देत असे. खरेदीदारास उत्पन्नाच्या व मोटार कोठें बनली याच्या अटी लागूं होत. भाड्यानें देणाऱ्या कंपनीस त्यांतील बहुतेक लागूं नसत, व ती सवलत भाड्यांत वळती करून देतां येई. जुन्या मोटारीवरहि ४,००० डॉलरपर्यंत सवलत होती. या सर्व सवलती ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद झाल्या. सबब तो सल्ला तेथेंहि आतां जसाच्या तसा लागूं नाहीं, मग येथें कोठला ?

आपल्याकडे भाडेपट्ट्याची गोडी मुख्यतः पगारदारांस आहे. कंपनी नोकराच्या नांवें मोटार भाड्यानें घेते, भाडें पगारांतून जातें, व तेवढ्या पगारावरील आयकर वांचतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाहीं. मग आपण वांचवावयाचें तें काय? दुसरें, भाडें दरमहा द्यावें लागतें. उसाचें बिल किंवा कांद्याची पट्टी दरमहा येत नाहीं. ज्याचा दुधाचा वा कुक्कुटपालनाचा धंदा आहे, हातांत दरमहा रोकड येते व ज्यास रोज शंभर किलोमीटर धांवावें लागतें, त्यानें भाडेपट्ट्याचा विचार अवश्य करावा. विमा व दुरुस्ती भाड्यांतच असल्यास त्याची पुष्कळ यातायात चुकते. परंतु कबुलायत वाचल्याविना सही करूं नये. वर्षांत किती किलोमीटर चालवावयाची मुभा आहे, मुदतीपूर्वीं परत केल्यास दंड किती, आणि परत देतांना ओरखडे व पोंचे यांची आकारणी कशी होते, हीं तीन कलमें प्रथम पहावीं. ज्याच्या वस्तीचा रस्ता मुरुमाचा आहे व समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात, त्यास तिसरें कलम फार महाग पडतें.

एक मधला मार्गहि निघाला आहे. मोटार आपली, बॅटरी भाड्याची. एम. जी. कंपनीची विंडसर मोटार सप्टेंबर २०२४ मध्यें या रीतीनें ९.९९ लाखांस व बॅटरीचें भाडें किलोमीटरमागें ३.५० रुपये अशी आली. पुढें त्याच वर्षीं बॅटरीसह किंमत १३.५० लाखांपासून जाहीर झाली. आतां हिशेब करूं. फरक सुमारें ३.५० लाखांचा. त्यास ३.५० नें भागिलें तर एक लाख किलोमीटर येतात. रोज ४० किलोमीटर चालविणाऱ्यास तेवढें अंतर कापण्यास सात वर्षें लागतील. फरकाच्या रकमेवरील व्याज धरलें तर ही रीत कमी चालविणाऱ्यास बरी दिसते. पण करारांत दरमहा किमान आकार आहे कीं काय, तें विचारावें. समजा, १,५०० किलोमीटरांचें किमान भाडें असेल, तर मोटार गोठ्यांत उभी राहिली तरी वर्षाचे ६३,००० रुपये द्यावेच लागतील, व सारें गणित उलटेल.

माझें मत जुन्या मोटारीकडे झुकतें, मात्र बैल घेतांना दांत पाहतों तशी बॅटरी पाहिल्यावरच. २०२० सालीं आलेल्या टाटा नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची व चाचणींतील पल्ला ३१२ किलोमीटर होता; रस्त्यावर नवी असतांनाहि सुमारें दोनशेंच धरावे. पडद्यावरील आंकड्यावर विसंबूं नये. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, अंतराचा कांटा शून्यावर आणावा, आपल्याच रस्त्यानें ३० टक्के उरेपर्यंत चालवावी. ७० टक्क्यांत ९८ किलोमीटर झाले तर पुरा पल्ला १४० समजावा, व किंमत त्या मानानें बोलावी. कंपनीच्या कारखान्यांत बॅटरीच्या प्रकृतीचा दाखला मिळाल्यास उत्तमच. हमी सामान्यतः ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर असते. परंतु अलीकडे कांहीं मोटारींस दिलेली ‘आजीवन’ हमी केवळ पहिल्या मालकापुरती आहे, हें विसरूं नये.

आतां माझी फजिती. एका जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे मोटार पसंत केली, पल्ला तपासला, २५,००० रुपये बयाणा दिला. नोंदणीपत्रकाची छायाप्रत पाहिली ती एकाच बाजूची ! दुसऱ्या बाजूस कर्ज देणाऱ्या बँकेचें नांव होतें व कर्ज फिटलेलें नव्हतें. सात-बारावरील इतर हक्कांतला बोजा पाहण्यांत ज्याची तीस वर्षें गेलीं, त्यानें मोटारीचा बोजा पाहूं नये ! बयाणा चार महिन्यांनीं, तोहि पांच हजार कमी होऊन, परत आला. बोजा कमी करण्याचा नमुना ३५ व बँकेचा दाखला हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत. नांवाच्या फेरफारास नमुने २९ व ३० लागतात. व्यापाऱ्याच्या नफ्यावर १८ टक्के जी. एस. टी. आहे, खासगी माणसानें माणसास विकल्यास नाहीं.

राहिली वीज. घरच्या १५ अँपिअरच्या खटक्यावर तासास सुमारें तीन युनिटें भरतात, म्हणजे वरील बॅटरीस दहा तास. कृषिपंपाच्या जोडणीवरून मोटार भरण्याचा मोह कित्येकांस होतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणें तो अनधिकृत वापर ठरतो व जबर आकारणी होते. घरच्या मीटरवर मंजूर भार पुरेसा नसेल तर तो आधीं वाढवून घ्यावा, व त्या खटक्यास जाड तार आणि स्वतंत्र अर्थिंग द्यावें.

शेवटीं मीं शेजारच्या गांवच्या एका शिक्षकांची तीन वर्षें चाललेली मोटार घेतली. पुरा पल्ला १७५ भरला. तालुक्याला जाऊन येण्यास ५२ किलोमीटर पडतात, आणि उन्हाळ्यांत ती चिंचेखालीं उभी करितों.