गीताची साक्ष आणि बाहेरचा श्रोता

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:३०-३३, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४

प्रभूच्या स्तुतीसाठी रचलेले गीत मंडळीबाहेर जाते आणि ज्यांस आपला विश्वास मान्य नाही, किंबहुना कोणत्याच धर्माची ज्यांस विशेष ओढ नाही, अशा लोकांच्या कानी पडते, तेव्हा ते लोक त्या गीताचे काय करतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे. विषय नवा नाही. यहेज्केल संदेष्ट्यास देवाने कळविले होते की, लोक दारोदारी त्याच्याविषयी बोलतात, त्याच्यापुढे येऊन बसतातही. परंतु त्यांच्या लेखी तो केवळ गोड गळ्याचा, वाद्य चांगले वाजविणारा गवई आहे. ते ऐकतात, पण ऐकल्याप्रमाणे वागत नाहीत.

गावोगावी भजन घेऊन जाणाऱ्या उपदेशकास हा अनुभव नित्याचाच आहे. भजन रंगते, लोक चालीची वाहवा करतात, आणखी एक म्हणा असा आग्रह धरतात, आणि मग उठून आपापल्या घरी जातात. अशा वेळी आपण एक तर टाळ्या मोजून हर्षित होतो, नाही तर सर्व श्रम व्यर्थ गेले म्हणून खिन्न होतो. कधी कोणी मध्येच उठून गेला किंवा उणे बोलला, तर आपण त्यास लागलीच छळ म्हणतो. ह्या तिन्ही समजुती कसाला लावून पाहाव्या, म्हणून अमेरिकेतील दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही कॅलिफोर्निया प्रांतातील सॅन फ्रान्सिस्को शहर व तेथील खाडीच्या काठची गावे ह्यांच्या परिसरातली आहेत, आणि दोहोंमध्ये अंतर दहा वर्षांचे आहे.

१. टाळ्या मिळालेले गीत

त्या खाडीच्या पूर्व काठावर बर्कली नावाचे गाव आहे. तेथील एका मंदिरात सन १९६८ मध्ये एडविन हॉकिन्स ह्या तरुण निग्रो ख्रिस्ती गायकाने आपल्या तरुणांच्या गायकवृंदाची काही गीते ध्वनिमुद्रित करविली. हेतू एवढाच की, तबकड्या विकून मंडळीच्या कामास थोडे द्रव्य मिळावे. त्यांत ‘ओ हॅपी डे’ हे एक गीत होते. त्याचे मूळ पद्य फिलिप डॉड्रिज ह्या इंग्रज पाळकाने अठराव्या शतकात रचलेले. पापक्षमा लाभली त्या दिवसाचा आनंद हा त्याचा विषय. हॉकिन्सने त्यास नवा ठेका दिला आणि डोरोथी मॉरिसन ह्या बाईने ते मोठ्या उमाळ्याने गायिले.

पुढे जे घडले त्याची कल्पना कोणास नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ केंद्रावर ती तबकडी वाजली. ते केंद्र धार्मिक नव्हते; त्याचे श्रोते बहुधा रॉक संगीताचे शौकीन तरुण होते. त्यांनी ते गीत उचलून धरले, आणि सन १९६९ मध्ये ते अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत चौथ्या व इंग्लंडातील यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ज्यांनी मंदिराची पायरी कधी चढली नसेल, असे हजारो लोक येशूचे नाव असलेले गीत आनंदाने ऐकू लागले. गंमत अशी की, कुरकुर उठली ती बाहेरून नव्हे, तर घरातूनच. आपले पवित्र गीत सिनेमा-नाचाच्या गाण्यांच्या पंक्तीस बसले, हे हॉकिन्सच्या स्वतःच्या पंथातील कित्येक वडीलधाऱ्यांस रुचले नाही.

आता एका श्रोत्याकडे पाहा. इंग्लंडातील बीटल्स ह्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन ह्यास हे गीत फार आवडले, आणि त्यावरूनच आपल्याला ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गीत सुचले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ते सन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हॅरिसनचे मन त्या वेळी हिंदु भक्तिमार्गाकडे वळलेले होते. म्हणून त्याच्या गीतात पाठीमागचे गायक प्रथम ‘हालेलूया’ म्हणतात, आणि पुढे नकळत ‘हरे कृष्ण’ म्हणू लागतात. शेवटी आपल्या सर्वांच्या परिचयाचा संस्कृत गुरुश्लोकही येतो. त्याने ख्रिस्ती गीताचा अपमान केला असे कोणी म्हणू नये. त्याने ते मनापासून ऐकले. परंतु त्याने त्यातील उत्साह घेतला, आर्तता घेतली, आणि ज्याच्या नावाने ते गीत उभे होते त्याच्या जागी आपल्या आवडीचे नाव ठेविले. टाळी देणारा श्रोता बहुधा असेच करितो.

२. हुर्यो झालेले गीत

दुसरे उदाहरण बॉब डिलन ह्या कवि-गायकाचे. त्याचा जन्म सन १९४१ मध्ये यहूदी कुटुंबात झाला. निग्रो लोकांच्या नागरी हक्कांसाठी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे जी मोठी सभा भरली, तीत तो गायिला होता. एका सबंध पिढीने त्यास आपला वाणीदाता मानिले होते. सन १९७९ च्या आरंभी तो कॅलिफोर्नियात व्हिनयार्ड नावाच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गास जाऊ लागला, आणि त्याने ख्रिस्तावरील विश्वास उघड पत्करिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा त्याचा गीतसंग्रह निघाला. त्यातील पहिल्या गीताचा आशय असा की, मनुष्य राजा असो वा रंक, त्यास कोणाची ना कोणाची चाकरी करावीच लागते. मग ती देवाची असो वा सैतानाची.

त्या १ नोव्हेंबरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड नाट्यगृहात त्याचे चौदा जलसे झाले. त्यांत त्याने आपले एकही जुने गीत म्हटले नाही. सर्व गीते नव्या विश्वासाची. जुनी गीते ऐकण्याच्या आशेने पैसे मोजून आलेल्यांपैकी कित्येकांनी हुर्यो केली, कित्येक उठून गेले, आणि शहरातील वर्तमानपत्रांनी कडक टीका केली. काही श्रोते मात्र भारावून गेले, हेही नमूद केले पाहिजे. पुढे त्याच महिन्यात ॲरिझोना प्रांतातील टेंपी येथे तरुण श्रोते जुन्या गाण्यांसाठी ओरडू लागले, तेव्हा डिलनने त्यांस व्यासपीठावरूनच न्यायाच्या दिवसाची जरब दाखविली. त्याने ओरडा शमला नाही. उभयपक्षी कटुता मात्र वाढली.

तरी एवढ्यावरून जगाने त्या गीतांस सर्वस्वी लाथाडले असे समजू नये. तो संग्रह अमेरिकेतील यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, आणि चाकरीविषयीच्या त्याच गीताबद्दल फेब्रुवारी १९८० मध्ये त्यास ग्रॅमी हे मानाचे पारितोषिक मिळाले. पुढे सन २०१७ मध्ये त्या काळातील जलशांची मुद्रिते संग्रहरूपाने बाहेर आली, तेव्हा अनेक टीकाकारांनी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. डिलनच्या श्रद्धेचे पुढे काय झाले ह्याची चर्चा लोक आजवर करीत आहेत. त्याचा निवाडा करण्याचे आपणांस प्रयोजन नाही. आपण श्रोत्यांकडे वळू.

३. कोणी काय ऐकले?

डिलनच्या श्रोत्यांतील दोघांची गोष्ट फार बोधप्रद आहे.

पहिला, जेरी वेक्सलर. अलाबामा प्रांतात त्या संग्रहाचे मुद्रण त्याच्या देखरेखीखाली झाले. तो यहूदी वंशाचा व पक्का निरीश्वरवादी होता. डिलनने त्यास विश्वासाविषयी सांगण्याचा यत्न केला, तेव्हा त्याने हसत आपली नास्तिकता कबूल केली आणि कामास लागू या म्हणून सुचविले. परंतु ज्या संदेशावर त्याचा विश्वास नव्हता, त्या संदेशाच्या गीतांसाठी त्याने आपले सर्व कसब प्रामाणिकपणे खर्ची घातले. बाहेरचा प्रत्येक मनुष्य वैरी नसतो, हे ह्यावरून शिकावे.

दुसरा, जॉन लेनन, हाही बीटल्समधलाच. चाकरीचे गीत ऐकून तो चिडला, आणि ‘सर्व्ह युवरसेल्फ’, म्हणजे ‘ज्याने त्याने आपलीच चाकरी करावी’, अशा मथळ्याचे प्रत्युत्तराचे गीत त्याने सन १९८० मध्ये घरीच मुद्रित करून ठेविले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा खून झाला. ते गीत पुढे सन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता विचार करा. एकाच वाद्यवृंदातील दोन मित्र. एकाने ख्रिस्ती गीत ऐकून त्यावर प्रेम केले, दुसऱ्याने ऐकून संताप केला. गीतातील शब्द कोणी अधिक नीट ऐकले? आम्हांस वाटते, संतापणाऱ्याने. हे गीत मला माझ्या स्वतःवरील धनीपणा सोडावयास सांगत आहे, हे त्यास अचूक कळले, आणि कळले म्हणूनच त्याने नाही म्हटले. प्रेम करणाऱ्यास आनंद कळला, पण तो आनंद कशाने मिळाला हा प्रश्न त्याने सोडून दिला. ह्यावरून टाळी म्हणजे विश्वास नव्हे, आणि नकार म्हणजे बहिरेपण नव्हे.

परंतु येथे एक सावधगिरी पाहिजे. लोक रागावले म्हणजे आपण खरे बोललो, असा उलटा हिशेब कोणी मांडू नये. वॉरफील्डमध्ये उठून गेलेल्यांत ख्रिस्ताच्या नावानेच अडखळलेले काही असतील. परंतु ज्या गीतांसाठी आलो ती मिळाली नाहीत म्हणून हिरमुसलेलेही होते. आणि टेंपी येथे तर गायकाच्या दरडावणीनेच पुष्कळ मने दुखावली. वधस्तंभामुळे येणारा अडखळा एक, आणि आपल्या तिखट जिभेमुळे येणारा दुसरा. आपल्या स्वभावाच्या दोषाचे ओझे प्रभूच्या नावावर टाकणे हे पाप आहे.

४. तुरुंगातील गाणे

आता दुसऱ्या शास्त्रपाठाकडे येऊ. फिलिप्पै येथील तुरुंगात पौल व सीला ह्यांच्या पाठी फटक्यांनी सोललेल्या, पाय खोड्यात. आणि मध्यरात्री ते देवाची स्तोत्रे गात होते. बंदिवान ऐकत होते, असे लूक लिहितो. त्या बंदिवानांपैकी किती जणांनी विश्वास धरिला, ह्याविषयी तो एक अक्षर लिहीत नाही. विश्वास धरिला तो बंदिशाळेच्या नायकाने. आणि तो तर त्या वेळी निजलेला होता! भूमिकंपाने तो जागा झाला, उघडी दारे पाहून बंदिवान पळाले असे समजून आपला घात करू लागला. तेव्हा पौलाने मोठ्याने ओरडून त्यास थांबविले. सुटण्याची संधी असता जे पळाले नाहीत, आणि ज्याने आपणांस खोड्यात घातले त्याच्याच जिवाची ज्यांनी काळजी केली, अशा माणसांपुढे तो थरथर कापत येऊन पडला, आणि तारणाचा मार्ग विचारू लागला.

म्हणजे गीत व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. ज्या अंतःकरणातून मध्यरात्री स्तोत्र निघाले, त्याच अंतःकरणातून वैऱ्यासाठी ती हाक निघाली. श्रोता गीत ऐकतो, आणि मग ते गाणाऱ्याकडे पाहतो. त्याचा निर्णय बहुधा ह्या दुसऱ्या पाहण्यावर अवलंबून असतो.

५. आपल्या मंडळ्यांसाठी

आपल्या महाराष्ट्रात हा विषय परका नाही. कवि नारायण वामन टिळक ह्यांचा सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हापासून सन १९१९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ह्या ह्याच मातीतल्या रीतींनी ख्रिस्ताचे नाव गायिले. त्यांची पदे आजही आपल्या उपासनेत म्हटली जातात, आणि ती ऐकावयास शेजारचा वारकरीही ओसरीवर टेकतो. हे मोठे धन आहे. त्याचा उपयोग करिताना पुढील गोष्टी ध्यानात धराव्या.

पहिली : शेजाऱ्याने चालीची स्तुती केली तर ती मोकळ्या मनाने घ्यावी, पण तिची गणना विश्वासात करू नये. जमल्यास दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन, पदातील कोणती ओळ मनात राहिली हे सहज विचारावे.

दुसरी : सिनेमाच्या चालीवर पद बसविण्यापूर्वी विचार करावा. चाल ऐकताच श्रोत्यास तो सिनेमाच आठवेल, तर आपले शब्द वाऱ्यावर गेले.

तिसरी : कोणी उठून गेला तर व्यासपीठावरून त्यास टोचून बोलू नये. तो शब्द ऐकूनच गेला असेल, आणि ते त्याच्याबरोबर घरी गेले असतील.

चौथी, व सर्वांत मोठी : रात्री पापक्षमेचे पद म्हणावे आणि सकाळी बांधाच्या वितीसाठी भावाशी भांडावे, असे होऊ नये. गावास आपली पदे पाठ असतात, आणि आपली वागणूकही.

पाठावरील प्रश्न

(१) यहेज्केलाचे श्रोते व जॉर्ज हॅरिसन ह्यांच्यात साम्य कोणते व भेद कोणता?

(२) जॉन लेननच्या रागात आणि टेंपीच्या श्रोत्यांच्या रागात काय फरक दिसतो?

(३) बंदिशाळेच्या नायकाने गीत ऐकले नव्हते. तर मग तो कशाने वळला?

(४) तुमच्या गावातील अख्रिस्ती शेजाऱ्यास मंडळीचे कोणते पद ठाऊक आहे, आणि त्या पदाप्रमाणे मंडळीत काय घडताना त्यास दिसते?