वाचकांनी जगविलेली भाषा

भाषा कशाने जगते? तुम्ही म्हणाल, बोलण्याने. ते खरेच. पण एक भाषा अशी आहे, की शेकडो वर्षे आया आपल्या मुलांशी ती बोलत नव्हत्या, आणि तरी ती मेली नाही. ती भाषा म्हणजे हिब्रू. ती कशी टिकली, ते आज आपण पाहू.

हिब्रू ही यहुदी लोकांची धर्मभाषा. हे लोक देशोदेशी पांगले. जिथे गेले, तिथली बोली बोलू लागले. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हेही यहुदीच. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची घरची बोली मराठी; प्रार्थना मात्र हिब्रूत. 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी छापली गेली. तिच्यात हिब्रूबरोबर मराठी अर्थही दिला आहे.

पूर्व युरोपात त्या काळी लाखो यहुदी राहत. त्यांची घरची बोली यिडिश. मुलगे लहानपणी हिब्रू अक्षरे शिकत, ती धर्मग्रंथ वाचण्यापुरती. मुलींना बहुधा तेवढेही शिकवीत नसत. मग काही जणांच्या मनात आले, की या भाषेत गोष्ट का लिहू नये? बातमी का छापू नये?

1853 साली व्हिल्ना शहरात अब्राहाम मापू या शिक्षकाची कादंबरी छापून निघाली. हिब्रूतली ही पहिली कादंबरी. 1856 साली 'हामग्गीद', म्हणजे 'सांगणारा', हे पहिले हिब्रू साप्ताहिक निघाले. ते छापले जाई प्रशियातल्या लिक या लहानशा गावी. पण त्याचे पुष्कळसे वाचक हद्दीपलीकडे रशियात होते!

पण गरिबाने पुस्तक घ्यावे कसे? 1891 साली वॉर्सा शहरात बेन-अविग्दोर या लेखकाने एक युक्ती काढली. त्याने पातळ, स्वस्त पुस्तकांची माळ सुरू केली. तिच्या नावाचा अर्थ 'दिडकीची पुस्तके' असा होता. त्यात त्याने स्वतःची एक गोष्ट घातली, लेआ नावाच्या गरीब मासळीवालीची. राजाराणीची नव्हे, बाजारात बसणाऱ्या बाईची! मात्र लेआसारख्या बाईला ती गोष्ट वाचता येणे कठीणच होते. आम्हांला ही गोष्ट फार लागते.

1901 साली ओदेसा शहरात कवी बियालिक आणि त्यांचे सोबती यांनी 'मोरिया' ही प्रकाशनसंस्था काढली. तिने मुलांसाठी शाळेची पुस्तके छापली. आज मुले वाचायला शिकली, तर उद्या पुस्तके घेणारे तयार होतील, नाही का? या कामामागे कोणाचे राज्य नव्हते. वर्गणी भरणारा वाचक आणि एखादा उदार व्यापारी, एवढाच आधार.

पुढे संकटे आली. 1917 साली रशियात क्रांती झाली. नव्या राजवटीत हिब्रू पुस्तके छापणे बंद पडत गेले. 1921 साली मॅक्झिम गॉर्की या रशियन लेखकाने रदबदली केली, म्हणून बियालिक यांना देश सोडता आला. ते बर्लिनला गेले आणि 1924 साली तेल अविवला. 1933 साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 60 लाख यहुदी मारले गेले. छापखाना जळला तर दुसरा घालता येतो. मेलेला वाचक कुठून आणावा?

तोवर पॅलेस्टाईनमध्ये मुले हिब्रू बोलू लागली होती. 1948 साली तेथे इस्राएल देश झाला. आज हिब्रू पुस्तके मुख्यतः तिथेच निघतात. पण मधल्या काळात गोष्टी, कविता, बातम्या यांची हिब्रू वाढविली, ती परमुलखातल्या वाचकांनी.

तुम्हांला आता अक्षरे येतात. घरात ज्या बाईला ती येत नसतील, तिला हा धडा आज वाचून दाखवा. आणि उद्या तिच्या हाती पाटी द्या.

सांगा पाहू :
1. 'दिडकीची पुस्तके' का काढली?
2. तुमच्या गावात पुस्तक विकत कोण घेते?